पॉसमच्या केसांची लोकर: त्रासदायक प्राणी आहे म्हणून चालेल का?

लोकरवाली_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीत असते, विणकाम करते. टोप्या, मफलर, बाळंतविडे असलं सगळं. थोडं इन्स्टावर जातं, बाकी दिवाळी झाली की शहापूर आणि कॅम्पातल्या ओळखीच्या दुकानांत ठेवते, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत थंडी बऱ्यापैकी पडते त्यामुळं माल उठतो. आतापर्यंत ॲक्रिलिक आणि मेरिनो एवढंच वापरत होते.

आता झालंय असं की माझी एक गिऱ्हाईक बाई न्यूझीलंडला असते, ती सुट्टीला आली तेव्हा लोकरीचे गुंडे देऊन गेली, म्हणाली आवडलं तर तिथून होलसेलात मागवून देते. लेबलवर मेरिनो ५०, पॉसम ४०, रेशीम १० टक्के. लोकर म्हणाल तर अशी की हातात घेतली की खाली ठेववत नाही, हलकी फुल आणि ऊब मात्र जबरदस्त. पण पॉसम म्हणजे झाडावर राहणारा मांजराएवढा रानटी प्राणी, मेंढीसारखं भादरायचं प्रकरण नव्हे, प्राणी मारतात आणि मग केस उपटतात. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली अगं तो तिथला नाहीच, ऑस्ट्रेलियातून आणलेला, जंगल खातो, पक्ष्यांची अंडी खातो, सरकारच मारा म्हणतं, मग मारून तसाच टाकून देण्यापेक्षा केस वापरले तर पुण्यच की.

ऐकायला बरं वाटतं. पण सासूबाई माळकरी, त्यांनी माझ्याकडून लेबल वाचून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की तुझ्या कपाटात ठेव, माझ्या खोलीत आणू नको. आणि माझी निम्मी गिऱ्हाईकं जैन आहेत, त्यांना न सांगता विकायचं मला जमणार नाही आणि सांगितलं तर बहुतेक कोणी घ्यायचं नाही.

तर माझा प्रश्न धर्माचा नाही, म्हणजे नुसता धर्माचा नाही. बाहेरून आलेला प्राणी, नुकसान करतोय, मारला जाणारच आहे, त्याचे केस वापरणं आणि मिंक नावाचा प्राणी पिंजऱ्यात पाळून त्याचा कोट करणं यात फरक आहे की नाही? की फर ती फरच? कोणाला माहिती असेल तर सांगा, आणि प्लीज 'तुम्हाला आवडतंय तर विका' एवढंच लिहू नका.

खानापूरचा_गडी

ताई एवढा विचार करालाय म्हणजे तुमच्या शेतात गवा कधी आलेला नाही. आमच्या जांबोटी साईडला भात पोटरीला आलं की कळपच्या कळप उतरतोय, रानडुकरं तर ऊस म्हणू नका, रताळी म्हणू नका, एका रात्रीत नांगरून ठेवतात. पण ती इथलीच, कायद्यानं राखलेली, त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, फोटो काढायचे, अर्ज द्यायचा आणि भरपाईची वाट बघत बसायचं. आणि तिकडं बाहेरचा म्हटल्यावर सरकारच मारतंय.

मला एवढंच कळत नाही की दीडशे वर्षं तिथंच जन्मला, तिथंच मेला, तरी तो बाहेरचाच कसा? हा प्रश्न आम्हा सीमाभागातल्या माणसांना तरी पडायला पाहिजे की नाही मर्दानो. आपण जागेवरनं हललो नाही, १९५६ ला रेषाच हलली, तरी आपल्याला विचारतात तुम्ही कुठले.

माझं मत काय विचाराल तर मारलेलंच हाय तर वापरा. पण 'परदेशी आहे म्हणून मारला' हे कारण मला पटत नाही, नुकसान करतोय म्हणा.

अनगोळ_ते_वायकाटो

मी मूळचा अनगोळचा, सध्या न्यूझीलंडात वायकाटोमध्ये डेअरी फार्मवर आहे. इथं राहिल्याशिवाय पॉसम हे काय प्रकरण आहे ते कळत नाही म्हणून जरा मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

या देशात माणूस यायच्या आधी जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. बाकी सगळं राज्य पक्ष्यांचं, त्यातले कित्येक न उडणारे, कारण पळून जावं असं कोणी नव्हतंच. १८३७ साली ऑस्ट्रेलियातून पहिल्यांदा पॉसम आणून सोडले, ते तगले नाहीत. १८५८ ला परत आणले, ते तगले. आणि आणले कशासाठी? फरच्या धंद्यासाठी. धंदा वाढावा म्हणून मधे काही काळ त्याला कायद्यानं संरक्षण पण होतं, मारायला परवाना लागायचा. ऑस्ट्रेलियात त्याला खाणारे आहेत, वणवे आहेत, झाडांच्या पानांतच विषारी द्रव्यं आहेत म्हणून तो आवाक्यात राहतो. इथल्या झाडांना त्याची सवयच नाही, पाला कोवळा आणि वैरी कोणी नाही. ऐंशीच्या दशकात ७ कोटी पॉसम होते असा अंदाज सांगतात, माणसं तेव्हा पस्तीस लाखसुद्धा नव्हती. आता मारून मारून ३ कोटीच्या आसपास आलेत.

आधी लोक त्याला नुसता पाला खाणारा समजायचे. १९९३ मध्ये कोकाको नावाच्या पक्ष्याच्या घरट्यावर कॅमेरा लावला तेव्हा साहेब अंडी आणि पिल्लं खाताना सापडले. आणि आम्हा डेअरीवाल्यांचा विषय म्हणजे टीबी. गाईंचा टीबी पॉसममधून पसरतो हे साठच्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं, तेव्हापासून त्याच्यावर पैसा ओतणं चालू आहे. कळपात एक गाय पॉझिटिव्ह निघाली की जनावरं हलवायची नाहीत, विकायची नाहीत, मालकाची झोप उडते.

२०१६ मध्ये सरकारनं जाहीर केलं की २०५० पर्यंत पॉसम, उंदीर आणि मुंगसाच्या जातकुळीतला वाटावा असा तो स्टोट, हे तिन्ही देशातून संपवायचे. त्यासाठी हेलिकॉप्टरमधून १०८० नावाचं विष घातलेल्या गोळ्या टाकतात. जगात हे विष सगळ्यात जास्त वापरणारा देश हाच. त्यानं मेलेला पॉसम जंगलात कुठंतरी पडून कुजतो, केस कोणाच्या कामाला येत नाहीत. फरवाले सापळा लावतात नाहीतर सायनाइडची गोळी ठेवतात, त्यात तो जागच्या जागी पडतो. अंग गरम आहे तोवर केस उपटावे लागतात, थंड झाला की निघत नाहीत. केस किलोच्या भावानं विकतात, आणि एक किलो जमायला पंधरावीस तरी पॉसम लागतात. खेड्यातल्या पोरांना यातून बरा पैसा सुटतो.

इथं पॉसमची टोपी घातली म्हणून कोणी नाक मुरडत नाही, उलट पर्यावरणाचं काम केल्यासारखं बघतात. मिंक घाला, मग बघा. मिंक पिंजऱ्यात जन्मतो आणि पिंजऱ्यातच मरतो. २०२० मध्ये डेन्मार्कनं कोविडच्या भीतीनं दीड कोटीच्या वर मिंक मारले, सगळे पाळलेले. पॉसम मरेपर्यंत मोकळा असतो आणि तो मरणार आहे हे फरवाल्यानं ठरवलेलं नाही, देशानं ठरवलंय. मला तरी फरक मोठा वाटतो. ताई बिनधास्त घ्या.

चिकोडीचे_सर

मी जैन आहे आणि शेतकरीही आहे. उसाला हुमणी लागली की मीही औषध सोडतो, त्यामुळे कोणाला शिकवण्याचा अधिकार मला नाही. फक्त आमच्याकडे या गोष्टीचा विचार कसा करतात ते सांगतो.

हिंसा चार प्रकारची सांगितली आहे. संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली. आरंभी, म्हणजे स्वयंपाक-झाडलोट करताना होणारी. उद्योगी, शेती-धंद्यात होणारी. आणि विरोधी, म्हणजे स्वतःचं किंवा दुसऱ्याचं रक्षण करताना करावी लागणारी. साधूला चारही वर्ज्य, संसारी माणसाला मात्र संकल्पी हिंसा पूर्ण सोडायला सांगतात, बाकीच्या तीन जमेल तेवढ्या कमी करायच्या. आता घरट्यातली पिल्लं वाचवण्यासाठी पॉसम मारणारा जंगल खात्याचा माणूस मी ओढूनताणून विरोधी हिंसेत बसवेन. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

पण मफलर विकत घेणारा? त्याचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही, त्याला मऊ ऊब पाहिजे. आमच्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन धरतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला मान डोलावणं. पैसे मोजले की मान डोलावली. सरकार मारतंय म्हणून ते पाप सरकारच्या खात्यावर, असा हिशेब होत नाही.

आणि ताई, लेबलवरचं १० टक्के रेशीम अजून कोणाच्या डोळ्यावर आलं नाही. कोषात किडा जिवंत असतानाच तो उकळत्या पाण्यात टाकतात, धागा अखंड निघावा म्हणून. एका साडीला असे हजारो कोष लागतात. आमच्या लग्नांत शालू काय कमी असतात? पॉसमवर बोलणाऱ्यानं आधी आपलं कपाट उघडावं, माझ्यासकट.

खानापूरचा_गडी

सर, बरोबर बोललासा.

जनावरांचा_डॉक्टर

सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर आहे, गोकाक भागात. इथं सगळे 'मारायचं की नाही' यावर बोलतात, मारतात कसं यावर कोणी बोलत नाही, आणि जनावराच्या बाजूनं बघितलं तर तेच मुख्य.

सायनाइडनं काही मिनिटांत शुद्ध हरपते. १०८० ला तास जातात. आणि रक्त न गोठू देणारी जी विषं आहेत त्यांना दिवसच्या दिवस, पॉसमला तर आठवड्यांच्या वर. ही तिसरी जात तुमच्या-आमच्या घरात पण आहे बरं का, उंदराला ठेवतो ती वडी, ब्रोमाडायलोन. उंदीर चार-पाच दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो आणि आपण वास आला की शोधतो. त्यामुळं फरवाल्यानं सायनाइड वापरलं असेल तर ते मरण सरकारी मरणापेक्षा सोपं आहे, हे मान्य करायला हवं.

सापळ्याचं वेगळं. पाय अडकून रात्रभर. न्यूझीलंडात कायदा आहे की असा सापळा रोज सूर्य उगवल्यावर बारा तासांच्या आत तपासलाच पाहिजे, म्हणजे कायदा पाळला तरी प्राणी एवढा वेळ अडकलेला असू शकतो. आणि पॉसम कांगारूच्या जातीचा, मादीच्या पोटाला पिशवी असते, पिल्लू चार-पाच महिने तिथंच. आई मेली की त्याचं काय होतं हे लेबलवर येत नाही.

एक आणखी. मेरिनोही धुतल्या तांदळासारखी नाही. ऑस्ट्रेलियात माश्या अंडी घालू नयेत म्हणून मेरिनो कोकराच्या शेपटीखालचं कातडं कापून काढतात, मुलसिंग म्हणतात त्याला. न्यूझीलंडनं २०१८ मध्ये बंद केलं. तुमची नेहमीची लोकर कुठली आहे ते पण बघून ठेवा.

खानापूरचा_गडी

पॉसम नको, रेशीम नको, मेरिनो पण नको. आता ॲक्रिलिक प्लास्टिक आहे म्हणून कोणीतरी येईलच. मग काय विणायचं, भाताचं पिंजर?

लोकरवाली_टिळकवाडी

हसले. पण खरंच सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. रेशमाचं सरांचं म्हणणं डोक्यात बसलं, आमच्याच शहापूर-वडगावात माग आहेत, रेशमी साडीवर मला आजवर एकाही बाईनं असला प्रश्न विचारलेला नाही.

आता मला एक सांगा. सरकार मारतं आणि फरवाले मारतात, ही दोन कामं एकच आहेत का? म्हणजे मी लोकर घेतली तर त्या जंगलाला खरंच मदत होते, की तसं वाटून मी स्वतःला बरं वाटून घेतेय?

निपाणीकर_रानवाटा

एकच नाहीत. सगळी गोम इथंच आहे, आणि डॉक्टर आणि सर दोघांनीही याला हात लावला नाही म्हणून लिहितोय.

फरवाला जातो कुठं? जिथं पॉसम दाट आहेत तिथं. रात्रीला वीस-तीस मिळाले तर पेट्रोल आणि मजुरी सुटते. दोन-तीनवर आले की तो दुसरं जंगल बघतो, त्याचं पोट आहे, चूक नाही त्याची. पण पक्षी वाचायचे तर ते शेवटचे दोन-तीनच मारावे लागतात, नाहीतर काही वर्षांत आहेत तेवढे परत. म्हणजे फरवाल्याचं काम संपतं तिथं जंगलवाल्याचं खरं काम सुरू होतं. टँकरवाल्यानं गावाला पाणी दिलं हे खरं, पण नळयोजना व्हावी म्हणून तो कधी उपोषणाला बसलाय का?

नगावर पैसे दिले की काय होतं याचा नमुना म्हणजे १९०२ चं हनोई. फ्रेंचांचं राज्य, प्लेगची भीती, उंदराची शेपटी आणा आणि पैसे घ्या. थोड्याच दिवसांत गावात बिनशेपटीचे उंदीर हिंडायला लागले, लोक शेपटी कापून सोडून देत होते, का तर पिल्लं झाली पाहिजेत. काहींनी तर चक्क उंदीर पाळले.

उलटं उदाहरण इंग्लंडचं. कॉयपू नावाचा मोठा घुशीसारखा प्राणी, दक्षिण अमेरिकेतला, १९२९ च्या सुमाराला फरसाठीच आणला, फार्ममधून सुटला, कालव्यांचे बांध पोखरले, बीटची शेतं खाल्ली. १९८१ मध्ये त्यांनी ठरवलं की आता कायमचा निकाल लावायचा. पगारी सापळेवाले ठेवले आणि सांगितलं की प्राणी पूर्ण संपला तर बोनस, लवकर संपवाल तर तीन वर्षांच्या पगाराएवढा, जेवढा उशीर तेवढा बोनस कमी. १९८९ ला कॉयपू संपला. केसांचा, कातड्याचा, शेपटीचा कशाचाच भाव नव्हता, भाव होता तो प्राणी नसण्याला.

आता माझ्याच विरुद्ध जाणारं पण सांगतो नाहीतर अनगोळकर सांगतीलच. तोच कॉयपू अमेरिकेत लुइझियानात १९३० च्या दशकात आणला, तिथं त्याला न्यूट्रिया म्हणतात. सत्तरच्या दशकात फरला भाव होता तेव्हा वर्षाला दहा लाखांच्या वर मारले जायचे. ऐंशीच्या दशकात फरची फॅशन पडली, भाव पडला, सापळेवाले घरी बसले आणि प्राण्यानं समुद्रकाठची दलदल मुळासकट खाऊन टाकली. शेवटी २००२ पासून सरकार शेपटीमागे ४ डॉलर द्यायला लागलं, नंतर ते ६ झाले. म्हणजे फरच्या धंद्यानं संख्या दाबून ठेवली होती हे शंभर टक्के खरं. पण इतकी वर्षं दाबूनच ठेवली, संपवली नाही. आणि ज्या दिवशी फॅशन गेली त्या दिवशी दाब पण गेला. मुंबई-दिल्लीच्या कोणाला मफलर आवडेनासा झाला की न्यूझीलंडच्या जंगलाचा राखणदार गायब, हे जंगल राखायचं धोरण आहे का?

ताईंच्या आठ-दहा टोप्यांनी काही होत नाही, ते सोडा. पण प्रश्न तत्त्वाचा विचारलाय म्हणून सांगतो. 'मारलेलाच आहे, वाया का घालवा' हे एका मेलेल्या प्राण्याबद्दल बरोबर आहे. दरवर्षी ठरलेल्या वजनात, ठरलेल्या रंगात माल पाहिजे म्हटलं की ते 'मारलेलाच आहे' राहत नाही, पुढच्या वर्षी पण मारायला शिल्लक असला पाहिजे असं होतं.

अनगोळ_ते_वायकाटो

निपाणीकर, टँकर बंद केला म्हणून नळ येत नाही भावा. सरकारकडं सगळ्या देशाला पुरेल एवढा पैसा नाही, हेलिकॉप्टर ठराविक जंगलांवर जातं. बाकीच्या डोंगरात, खाजगी रानात पॉसम मारणारा फरवाल्याशिवाय दुसरा कोणी नाही. तिथं दाबून ठेवला तरी झाडं जगतात, ते काय कमी आहे? २०५० पर्यंत काय पक्ष्यांनी वाट बघायची?

आणि हनोईसारखं इथं होणार नाही, जिवंत पॉसम पाळणं, सोडणं बेकायदेशीर आहे.

पण एक कबूल. इथले काही फरवाले १०८० च्या विरोधात बोलतात, विष नको म्हणतात, ते ऐकताना माझ्यापण मनात येतं की विषाची काळजी किती आणि मालाची किती.

निपाणीकर_रानवाटा

पॉसमपुरतं मान्य. पण 'आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन पसरलेल्या प्राण्याची फर चालते' असा सरसकट नियम केला की तो पॉसमवर थांबत नाही. रॅकून डॉग घ्या, कुत्र्याच्या कुळातला, तोंडावळा रॅकूनसारखा. युरोपियन युनियनच्या आक्रमक प्राण्यांच्या यादीत आहे, आणि तोच प्राणी फिनलंडमध्ये, चीनमध्ये फरसाठी पिंजऱ्यात पाळतात. अमेरिकन मिंकचं तेच, फार्ममधून सुटून युरोपभर पसरला आणि फार्ममध्ये पण आहेच. उद्या कोणी 'जंगल वाचवणारी फर' म्हणून टॅग लावून पिंजऱ्यातला माल विकला तर बेळगावच्या बाजारात बसून ओळखणार कोण? पॉसमचंसुद्धा, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात तो मूळचा आहे आणि तिथंही परवान्यावर मारतात. तिथला माल आला तर जंगल वाचवण्याचा मुद्दाच राहत नाही.

अथणीचं_पायताण

मी चपला करतो, अथणीत. आमच्यात पिढ्यान् पिढ्या हेच. वर सगळे शिकलेले लोक बोलालेत, मी धंद्यातलं सांगतो.

आजोबांच्या वेळी गावात जनावर मेलं की सांगावा यायचा. मेलेल्याचं कातडं काढायचं, बाभळीची साल आणि हिरड्यात पिकवायचं, त्याची पायताणं करायची. मारायचा प्रश्नच नव्हता, आणि तरी गाव आम्हालाच शिवत नव्हतं, पायताण मात्र घालत होतं. त्यामुळं कोण पवित्र कोण अपवित्र हे मला सांगू नका, मी लई बघितलंय. माझ्या मते मेलेलं जनावर वाया घालवणं हाच मोठा दोष.

पण निपाणीवाल्यांचं खरं आहे, धंदा वाढला की कातडं गावात पुरत नाही. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला मिळणारा सरकारी शिक्का, मिळाला, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि आपल्याकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. ऑर्डरी यायला लागल्या, वरनं कर्नाटकात २०२१ ला गोहत्या बंदीचा नवा कायदा लागू झाला, तेरा वर्षांवरची म्हैस सोडली तर काहीच कापता येत नाही. आता माझ्याकडचं बरंच कातडं चेन्नईकडनं येतं. ते मेलेल्याचं की मारलेल्याचं हे मला कोण सांगणार, आणि मी गिऱ्हाईकाला काय सांगणार. एकदा महिन्याला अमुक जोड पाहिजेत म्हटलं की माल कुठनंतरी येतोच, तो कसा आला हे विचारायला कोणाला वेळ नसतो. तुमच्या लोकरीचं पण तेच होणार अक्का.

घोंगडीवाला_गोकाक

न्यूझीलंडहून लोकर मागवण्यापेक्षा आपल्या दख्खनी मेंढीची घ्या की. कुरुबर-धनगरांची लोकर कोणी घ्यायला तयार नाही, कातरणाऱ्याची मजुरी सुटत नाही म्हणून कातरून बांधावर टाकतात. एक पण प्राणी मरत नाही त्यात.

लोकरवाली_टिळकवाडी

दादा, घोंगडी माझ्याही घरात आहे आणि मला प्रिय आहे, पण त्या लोकरीचा बाळाचा टोपडा केला तर बाळ रडून घर डोक्यावर घेईल, इतकी टोचते. पिशव्या, आसनं, पायपुसणी होतील, ते मी करून बघते, तुमच्याकडं कातलेलं सूत मिळत असेल तर मेसेज करा.

पॉसमचं मी असं ठरवलंय. होलसेल घेणार नाही. अथणीच्या दादांचं शेवटचं वाक्य वाचल्यावर दुकानात कायम ठेवायचा माल म्हणून मला ते नको झालं. पण ज्या बाईनं आणलंय तिला मी पापी म्हणणार नाही, ती तिथं राहते, तिच्या जंगलाचा प्रश्न आहे, तिनं घातली टोपी तर मला काही वाटणार नाही. माझं जंगल नाही ते, मला फक्त मऊ लोकर मिळत होती. आणि कोणी स्वतःहून लोकर आणून विणून द्या म्हटलं तर देईन, वर पट्टी लावून, 'प्राणी मारून काढलेले केस ४० टक्के' असं सरळ लिहून. 'निसर्गस्नेही' वगैरे शब्द नाही घालणार.

अनगोळ_ते_वायकाटो

मला पटलं नाही पण ठीक आहे. कोणाला वैयक्तिक घ्यायची असेल तर विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: देश कुठला, न्यूझीलंड की टास्मानिया, सापळा की सायनाइड, आणि कुठल्या भागातले पॉसम. पहिल्याचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्या-तिसऱ्याला दुकानदार इकडंतिकडं बघायला लागला तर समजून जा.

निपाणीकर_रानवाटा

आणि मागवताना कस्टमचं बघून घ्या. २०१७ च्या जानेवारीत केंद्रानं मिंक, कोल्हा आणि चिंचिलाच्या फरची आणि साप-मगरीच्या कातड्याची आयात बंद केली. पॉसम त्या यादीत नाही आणि ही कातडी नसून सूत आहे, तरी पार्सलवर नुसतं 'फर' असं लिहून आलं तर अडकवून ठेवतील, घटक टक्केवारीसकट लिहायला सांगा.

अथणीचं_पायताण

अक्का, ती पट्टी लावाल ती कन्नडात पण लावा, वर कन्नड, खाली मराठी. नाहीतर पॉसम राहील बाजूला आणि भांडण दुसरंच सुरू होईल.